‘सरळ बस’ म्हणणाऱ्या ॲपला नेमकं काय दिसतं?

आजचा विषय आहे आपलं बसणं-उठणं. म्हणजे पोश्चर. हा शब्द कानावर पडला आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी आत्ताच्या आत्ता पाठ ताठ केली असणार. बसमध्ये उभे असाल, कॉटवर लोळत असाल, ओट्यापाशी भांडी घासत असाल, तरीही. दोन मिनिटांत ती पाठ आपली परत मूळ गावी जाईल. जाऊ दे तिला. आज मी कोणालाही सरळ बसायला सांगणार नाहीये.

हे आपल्यात लहानपणापासून भरलेलं असतं. ‘पोक काढू नकोस.’ ‘मान वर कर.’ ‘मोबाइलमध्ये किती घुसलायस!’ आता घरातल्या मोठ्यांच्या जोडीला बाजारही तेच म्हणायला लागलाय. खांदे मागे खेचणारा पट्टा मिळतो. मानेमागे चिकटवायचं आणि वाकलात की थरथरणारं छोटं यंत्र मिळतं. तीस-चाळीस हजारांची खुर्ची मिळते. आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून आपल्याकडे बघून शंभरपैकी मार्क देणारं ॲपही मिळतं. या शेवटच्या प्रकाराबद्दल मला जरा जास्त माहिती आहे, कारण दीड वर्ष माझा पगार त्यातूनच येत होता. बीटेक झाल्यावर माझी दुसरी नोकरी होती ती. कॅमेऱ्यासमोरचा माणूस कसा बसलाय किंवा कसा व्यायाम करतोय, हे ओळखणारा सॉफ्टवेअरचा भाग आमच्या टीमकडे होता. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, कारण मी सांगणार आहे ती गोष्ट अशा बहुतेक ॲपना लागू पडते.

तर कॅमेरा काय करतो? तुमचा फोटो घेतो आणि त्यात शरीरावरचे ठरावीक बिंदू शोधतो. गूगलचं मीडियापाइप नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे. त्यातलं २०२० साली आलेलं मॉडेल शरीरावरचे ३३ बिंदू शोधतं. त्याआधी २०१७ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातून ओपनपोज आलं होतं, त्याचीही पद्धत साधारण अशीच. आता हे ३३ बिंदू कुठले? नाक, डोळे, कान, तोंडाचे कोपरे, खांदे, कोपर, मनगट, बोटं, खुबे, गुडघे, घोटे, टाचा, पावलं. यादी परत एकदा मनात म्हणा आणि काय राहिलं ते बघा.

पाठीचा कणा!

३३ मधला एकही बिंदू कण्यावर नाही. खांदे आहेत, खाली खुबे आहेत. मधल्या सगळ्या मणक्यांच्या जागी ॲप एक सरळ रेघ ओढतं. तुमची कंबर आत गेलीय की बाहेर आलीय, पाठीचा वरचा भाग गोल झालाय का, कणा एका बाजूला वळलाय का, यातलं काहीही त्याला दिसत नाही. आणि स्क्रीनवर लिहून येतं, ‘तुमच्या कण्याचं आरोग्य ७२’. पहिल्या आठवड्यात कोड वाचताना मी हे बघितलं आणि शेजारच्या सीनियरला विचारलं. तो म्हणाला, ‘अगं, कणा कपड्याखाली असतो. कॅमेऱ्याला कसा दिसणार?’ उत्तर एकदम बरोबर होतं. म्हणूनच तर मी विचारत होते.

मानेचंही तसंच. डोकं किती पुढे आलंय हे मोजण्याची फिजिओथेरपिस्टांची एक चांगली पद्धत आहे. माणसाचा बाजूने फोटो काढायचा. मानेच्या तळाशी जो सातवा मणका टोचल्यासारखा हाताला लागतो, तिथून कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्यापर्यंत रेघ ओढायची आणि ती आडव्या रेघेशी किती कोन करते ते बघायचं. साधारण पन्नास अंशांच्या खाली गेलं की डोकं पुढे आहे असं म्हणतात. ही सीमाही सगळीकडे एकसारखी नाही. ॲपला हा सातवा मणका सापडत नाही, म्हणून ते खांदा घेतं. पण खांदा हलतो. तुम्ही कीबोर्डकडे हात नेलात की खांदा पुढे, आणि तुमची मान होती तिथेच असताना मार्क बदलतात. लॅपटॉपचा कॅमेरा तर समोरून बघतो, त्यामुळे डोकं पुढे आलं की तोंड मोठं दिसायला लागतं आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. केस मोकळे असतील तर कान झाकला जातो. मग मॉडेल काय करतं? कान कुठे असावा याची कल्पना करतं, आणि तसा आव अजिबात आणत नाही की ही कल्पना आहे. ओढणी, शाल, हुडी, मागे खिडकीतलं ऊन, सगळ्यांनी आकडा हलतो. मी एकाच जागी, एकाच बैठकीत, फक्त केस बांधून आणि सोडून बघितलं होतं. नऊ मार्कांचा फरक आला.

आणि ‘योग्य बैठक’ म्हणजे कुठली, हे कोण ठरवतं? सुरुवातीला ॲप म्हणतं, छान सरळ बसा, मी लक्षात ठेवतो. तुम्ही शाळेच्या ग्रुप फोटोसारखे ताठ बसता. तीच तुमची पट्टी होते आणि दिवसभर तुम्ही त्या फोटोतल्या तुमच्याशी स्पर्धा करता.

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, मोजमाप ढोबळ असेल, पण वाकून बसणं वाईटच ना? त्यासाठी तो प्रसिद्ध आकडा बघू. ‘मान ६० अंश वाकवून मोबाइल बघितला की मानेवर २७ किलोचं ओझं येतं.’ व्हॉट्सॲपवर हे चित्र न आलेला माणूस मला दाखवा. मानेवर बसलेलं सात-आठ वर्षांचं पोर, असं काहीतरी चित्र असतं. हा आकडा केनेथ हंसराज नावाच्या अमेरिकन सर्जननी २०१४ मध्ये छापलेल्या एका छोट्या लेखातला आहे. तो आला कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधून. कोणाच्या मानेत काही बसवून मोजलेलं नव्हतं, आणि त्यामुळे किती लोकांना दुखणं झालं हे तर त्या लेखाचं कामच नव्हतं. डोकं पुढे आलं की मागच्या स्नायूंना जास्त ताकद लावावी लागते, हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण मान म्हणजे काही भिंतीत ठोकलेला ब्रॅकेट नाही. ओझं उचलायलाच स्नायू असतात. बादली उचलताना दंडावर किती ताण येतो हे मोजून कोणी दंड वाचवत बसत नाही.

मग दुखतं का, हे थेट लोकांना विचारलं तर? ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला १८ ते २१ वयाच्या १५० मुलामुलींचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फोन बघताना मान किती वाकते हे फिजिओथेरपिस्टांनी फोटोवरून ठरवलं आणि मान दुखते का ते विचारलं. दोन्हींचा संबंध सापडला नाही. आता हा एका वेळी केलेला अभ्यास आहे, पुढे काय होतं ते त्यातून कळत नाही. ते कळतं ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या अभ्यासातून. तिथे जन्मापासून मुलांचा मागोवा घेणारा रेन स्टडी म्हणून मोठा प्रकल्प आहे. सतराव्या वर्षी मुलं कशी बसतात हे नोंदवलं आणि बाविसाव्या वर्षी मानदुखीबद्दल विचारलं. मुलांमध्ये काहीच फरक नाही. मुलींमध्ये मात्र फरक निघाला, आणि तो उलटा. ताठ बसणाऱ्या मुलींपेक्षा सैल, थोडं वाकून बसणाऱ्या मुलींना नंतर मानदुखीचा त्रास कमी होता. हे २०२१ मध्ये छापून आलं. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘हे ऑस्ट्रेलियाचं आहे.’

लगेच उद्यापासून मान मोडून बसा असा याचा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की बसण्याचा आकार बघून दुखणं ओळखता येत नाही. पाठीच्या बाबतीतही शास्त्रज्ञांचं मत असंच बदलत गेलं. स्वीडनच्या आल्फ नाखेमसननी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि सांगितलं की उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब बराच वाढतो. ‘बसणं घातक’ म्हणणाऱ्यांचा तो मोठा आधार होता. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या स्वयंसेवकाच्या चकतीत सेन्सर बसवून जवळजवळ दिवसभर मोजलं. त्याच्या बाबतीत आरामात बसल्यावरचा दाब उभं राहण्याइतकाच, किंबहुना किंचित कमी निघाला. खुर्चीत पसरून मागे रेलल्यावर तर खूपच कमी. आणि पाठ मुद्दाम ताठ केल्यावर जास्त! माणूस एकच होता, त्यामुळे मी त्यावर घर बांधणार नाही. पण पसरून बसल्याबद्दल बोलणी खाल्लेल्या सगळ्यांना हे सांगितलंच पाहिजे.

कारखान्यात, शिवणकामात माणसांचं काम बघून तपासणी करणारे लोक असतात. त्यांची एक पद्धत आहे, रुला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला मॅकअटम्नी आणि कॉर्लेट या दोघांनी १९९३ मध्ये ती मांडली. कागद-पेन्सिल घेऊन हात, मनगट, मान, धड यांना गुण द्यायचे, शेवटी १ ते ७ मध्ये आकडा येतो. ७ आला तर काम लगेच बदला. कोन त्यातही आहेत. पण त्यात अजून दोन गोष्टी विचारल्या जातात, ज्या आमच्या ॲपमध्ये नव्हत्या. एक, हीच स्थिती मिनिटभरापेक्षा जास्त धरून ठेवली आहे का, किंवा हीच हालचाल मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा होते का. दुसरी, हातात ओझं किती आहे. म्हणजे ती पद्धत माणसाच्या आकाराबरोबर त्याचं कामही बघते. आणि तपासणीनंतर बदलायचं असतं ते काम. टेबलाची उंची, मशीनची जागा, सुट्टीची वेळ. ॲप मात्र फक्त मला बदलायला सांगतं. रात्री साडेदहाला क्लायंटच्या कॉलवर बसवणाऱ्याला ते कधीच नोटिफिकेशन पाठवत नाही.

याच धाग्यावर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. केरळमध्ये साड्यांच्या आणि कपड्यांच्या मोठ्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायची परवानगी नसायची. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. पाय सुजायचे, टाचा दुखायच्या. त्यांनी संघटना केली, लढा दिला आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायला जागा देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केलं. शरीराला आधार देणारं सगळ्यात मोठं उपकरण कुठलं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे, प्लॅस्टिकचं साधं स्टूल, आणि त्यावर बसायची मुभा. पुढच्या वेळी लक्ष्मी रोडला किंवा दादरला खरेदीला गेलात तर काउंटरमागे स्टूल आहे का तेवढं बघा.

आता जरा वेगळं. इतका वेळ मी मोजमापाची चेष्टा करतेय, म्हणून जिथे मोजमाप जिवाभावाचं असतं तेही सांगते. माझी एक मावसबहीण आहे, कराडला असते, तेरा वर्षांची. वाढीचं वय. ती वाकडी बसते, एक खांदा पाडून चालते, असं घरात सगळे म्हणायचे. दप्तराला दोष, मोबाइलला दोष, मग तिलाच दोष. काकांनी ऑनलाइन खांदे मागे खेचणारा पट्टा मागवला. ती तो आठ महिने शाळेच्या ड्रेसखाली घालत होती. काखेत काचायचा, तरी घालत होती, कारण न घातला तर ओरडा बसायचा. दिवाळीच्या ड्रेसचं माप द्यायला मावशी तिला शिंपीणकाकूंकडे घेऊन गेली. त्यांनी टेप लावला, परत लावला, आणि म्हणाल्या, ‘ताई, हिची उजवी-डावी बाजू सारखी येत नाही. पाठीकडून बघा.’ तिला पुढे वाकायला सांगितल्यावर उजवीकडच्या बरगड्या डावीकडच्यापेक्षा वर आलेल्या दिसल्या.

त्या काकूंना माहीत नव्हतं, पण त्यांनी केली ती तपासणी १८६५ मध्ये विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज सर्जननी सांगितलेली आहे. पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, हात लोंबते सोडून पुढे वाकायचं आणि मागून बघायचं. पाठीची एक बाजू उंच दिसली तर कणा बाजूला वळताना पिळलाही गेलाय, अशी शंका घ्यायची. याला स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींमध्ये दोन-तीन टक्क्यांना थोड्या प्रमाणात असतो. बाक वाढत जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त. या वयातल्या बहुतेक मुलांमध्ये त्याचं कारण सापडत नाही. दप्तराने होत नाही, मोबाइलने होत नाही, पोक काढून होत नाही. हे मी मावशीला चार वेळा सांगितलं, कारण चारही वेळा ती म्हणाली, ‘तरी मी हिला सांगत होते.’

एक्स-रे काढला. त्यावर कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात. जॉन कॉब या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये सांगितलेली पद्धत. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सगळ्यात कललेले मणके शोधायचे आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. १० अंशांच्या खाली असेल तर स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. तिचा २८ आला. वाढ शिल्लक होती. डॉक्टरांनी तो पट्टा हातात घेऊन बघितला आणि बाजूला ठेवला. तो खांदे मागे खेचतो. हिचा कणा बाजूला वळलाय आणि स्वतःभोवती फिरलाय. दोघांची भेटच होत नाही. आणि त्या आठ महिन्यांत ती उंच झाली होती, म्हणजे ज्या काळात काही करता आलं असतं त्यातले आठ महिने पट्ट्यात गेले.

मग ब्रेस. हा म्हणजे टणक प्लॅस्टिकचा, तिच्या अंगाच्या मापाने बनवलेला कवच्यासारखा प्रकार. आतून ठरावीक ठिकाणी जाड पॅड, आणि त्यांच्या समोरच्या बाजूला मोकळी जागा. एका बाजूने ढकलायचं, दुसऱ्या बाजूला जायला वाट ठेवायची. ‘सरळ बस’ वगैरे काही नाही. तिला काही आठवायचंच नसतं, दाब आपलं काम करतो.

आणि हे चालतं का, हे नीट तपासलेलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांमध्ये १० ते १५ वयाच्या मुलांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाक २० ते ४० अंशांमधला. ५० अंशांच्या आत राहून वाढ पूर्ण झाली तर यश मानायचं, कारण पन्नासच्या पुढे ऑपरेशनचा विचार सुरू होतो. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के यशस्वी, न घातलेल्यांपैकी ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर थांबवली. मला आवडलेला भाग पुढे आहे. ब्रेसच्या आत तापमान मोजणारा छोटा सेन्सर बसवला होता. अंगाची ऊब लागली म्हणजे घातलाय, नाही तर कपाटात आहे. त्यातून कळलं की दिवसाला सहा तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांना न घालणाऱ्यांइतकाच फायदा, म्हणजे काहीच नाही. सरासरी तेरा तासांच्या आसपास आणि पुढे घालणाऱ्यांमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर यश. बघा, सेन्सर इथेही आहे. पण तो मुलीला ओरडत नाही, मार्क देत नाही. तास मोजतो, आणि त्या तासांचा शेवटच्या निकालाशी संबंध आहे हे कोणीतरी सिद्ध केलेलं आहे. दुसरी बाजूही सांगते. काहीच न केलेल्या मुलांपैकीही जवळजवळ निम्मी ५० पर्यंत पोचली नाहीत. म्हणजे काही मुलं ब्रेस विनाकारण घालतात, आणि ती कुठली हे आधी ओळखता येत नाही.

कराडच्या एप्रिलमध्ये प्लॅस्टिकचं कवच घालून सोळा तास काढणं म्हणजे काय, हे मी बाहेरून सांगू शकत नाही. आत शिवण नसलेला सुती बनियन, दोनदा बदलायचा. जमिनीवर पडलेलं पेन उचलायला खाली बसावं लागतं. जेवल्यावर पोट दाबलं जातं. ती वहीत तास लिहिते. खेळाचा तास आणि अंघोळ सोडून. मागच्या महिन्यात सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे झाला. ३१. मावशीचा फोन आला तेव्हा आवाजच नव्हता तिच्यात. ‘अगं, वाढलं की.’ पण कॉब अँगल मोजताना माणसागणिक, एक्स-रेगणिक पाच अंशांपर्यंत फरक येऊ शकतो, हे डॉक्टर मान्य करतात. २८ चं ३१ झालं याचा अर्थ वाढलंही असेल किंवा आहे तसंच असेल. पुढच्या एक्स-रेपर्यंत थांबायचं. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं गं? म्हणाली, ‘ताई, माझे तास पूर्ण आहेत.’

या सगळ्यानंतर बाजारातल्या वस्तूंकडे बघताना मी दोन गोष्टी विचारते. ही वस्तू जे मोजते किंवा ढकलते, त्याचा माझ्या त्रासाशी संबंध कोणी दाखवलाय का? आणि ती घेतल्यावर मी जास्त हलेन की कमी? खांदे खेचणारा पट्टा दोन्हीत नापास. तासभर घातला तर नुकसान नाही, पण पाचशे रुपयांत तुम्हाला आठवण मिळते, औषध नाही. कंबरेच्या पट्ट्यांबद्दल २००८ साली कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून बघितले होते. कंबरदुखी होऊ नये म्हणून पट्टा घालण्याचा उपयोग दिसला नाही. थरथरणारं यंत्र हा महागडा गजर आहे. गजर म्हणून वापरा, म्हणजे ‘उठ, पाणी पी’. ‘ताठ हो’ म्हणून नको.

पुण्यात राहून अय्यंगारांचं नाव न घेता हा विषय संपवता येत नाही. बी.के.एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. त्यांनी योगात पट्टे, लाकडी विटा, लोड, दोऱ्या, घडीच्या खुर्च्या आणल्या. योगाबद्दल मी फार बोलणार नाही, माझं तेवढं ज्ञान नाही. पण वस्तू वापरण्याची ती रीत मला पटते. हात जमिनीला पोचत नाही? खाली वीट ठेव. म्हणजे वस्तू तुला अशी स्थिती घेऊ देते जी एरवी जमली नसती, आणि मग तू त्यातून बाहेर येतेस. दिवसभर कोणी त्या दोरीला लटकत नाही.

आता तुमचे प्रश्न. सगळ्यात जास्त आलेला: खुर्ची कुठली घेऊ? ब्रँड सांगणार नाही. दुकानात जाऊन वीस मिनिटं बसा, सेल्समन कंटाळला तरी. पाय जमिनीला पूर्ण टेकतात का? अनेक ‘अर्गोनॉमिक’ खुर्च्या सगळ्यात खाली केल्या तरी पाच फुटांच्या बाईचे पाय लोंबकळतात. माझे लोंबकळतात. मी देवघरातला जुना पाट पायाखाली घेतलाय, आईला अजून पटलेलं नाही. पाठ मागे रेलता येते का, आणि रेलल्यावर पाठ सोबत हलते का? हात ठेवायच्या जागा वर-खाली होतात का? एवढं असलं की पुढचे वीस हजार तुमच्या हौसेचे.

लॅपटॉपवर आठ तास काम करणाऱ्यांनी आधी खुर्ची नको, कीबोर्ड घ्या. वेगळा कीबोर्ड आणि माऊस, हजार-पंधराशेत येतो, आणि लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर. इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं शेवटी या कामी येतात. याने मान सरळ होते म्हणून नाही सांगत, याने तुम्हाला पुढे-मागे सरकायला जागा मिळते म्हणून सांगतेय.

एकाने विचारलंय, मी ढोल पथकात आहे, कंबर जाते, पोश्चर कसं सुधारू? अरे, ते पोश्चर नाही, ते ओझं आहे. वर्षभर काही नाही आणि जुलैत एकदम रोज तीन तास ढोल कंबरेला. मे महिन्यापासून थोडं थोडं वजन उचलायला लाग, सरावाचे तास हळूहळू वाढव, आणि मधे ढोल उतरवायला लाजू नकोस.

मांडी घालून बसू का? सवय असेल, गुडघे तक्रार करत नसतील तर खुशाल. फक्त त्यातही पाय बदला, भिंतीला टेका, मधेच पाय पसरा. आजी निवडत-टिपत बसायची तेव्हा हेच करायची. दर दहा मिनिटांनी तिची बैठक वेगळी.

आणि एक गंभीर. पाठ किंवा मान दुखते तेव्हा बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होतं. पण हाता-पायात बधिरपणा वाढत चालला असेल, ताकद कमी झाली असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, मांड्यांच्या मधे बधिर वाटत असेल, ताप किंवा वजन घटण्यासोबत दुखत असेल, किंवा पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर ॲप उघडू नका, डॉक्टरकडे जा. लघवीचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी. आणि घरात दहा ते पंधरा वयाचं कोणी असेल तर या रविवारी त्याला किंवा तिला पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. अर्धं मिनिट लागतं. काही वेगळं दिसलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ऑनलाइन काही मागवायच्या आधी.

पुढच्या भागात झोप मोजणाऱ्या घड्याळांबद्दल बोलू, त्याबद्दलही भरपूर प्रश्न आलेत. आता रेकॉर्डिंग बंद करते, पाय झोपलाय माझा.